बिननावाचं आवतण

१

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे जालन्याचे वार. त्या दिवशी द्वारका उजाडायच्या आधी उठून खाटेवर बसते आणि मी चहा ठेवतो. तिचं पाणी डॉक्टरांनी बांधून दिलंय, आणि मला कप काठोकाठ भरायची जुनी खोड. ती म्हणते, "अर्धा वो, अर्धा." मी म्हणतो, "बरं बाई." मंग तो अर्धा कप ती इतक्या सावकाश पिते, जसा काही पूर्णच आहे.

तिच्या किडन्या काम करत नाहीत. जालन्याला जाऊन मशीनवर रक्त धुवून घ्यावं लागतं. एक वार चुकला की पाय सुजतात, आणखी चुकला की पाणी छातीत चढतं आणि तिला आडवं होता येत नाही. वार चुकवायचा नाही, एवढं एकच काम देवानं या वयात माझ्याकडं ठेवलंय. ते ठेवलं, म्हणून मी त्याचा आभारी आहे. काम नसलेले म्हातारे मी गावात पुष्कळ पाहिलेत.

आमचं गाव शहागडजवळ, गोदावरीच्या अंगाला. तिथून वडीगोद्री, मंग अंबड, मंग जालना. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, म्हणून मोटारसायकल. ती मागं एका अंगाला बसते आणि मी उपरण्यानं तिची कंबर माझ्या कमरेला बांधून घेतो. येताना ती मशीननं इतकी गळालेली असते की बांधलं नाही तर वाटेत सांडून जाईल. म्हणजे दोन जिवांचा भार माझ्या दोन हातांवर. आणि उजवं मनगट तर जन्मभर बैलांचा कासरा ओढून कामातून गेलेलं. गाडीची रेस नेमकी त्याच हातात.

आमचे नातजावई सूरजराव जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहेत. त्यांना मोटारसायकलवर लांब लांब फिरायचं वेड. परवा ते मला विचारत होते, "आबा, नवी गाडी घेऊन राह्यलो. तिच्यात क्रूज कंट्रोल हाये. रेस एकदा बांधली की हात सोडला तरी गाडी त्याच चालीनं जाती. लांबच्या रस्त्याला हे कामाचं हाये का नुस्ता खर्चा, तुमीच सांगा."

नात अक्षता हसली. म्हणाली, "आबांना काय इचारता? त्यांची गाडी लग्नातली हाये, त्यांच्याच."

पण विचारलं ते बराबर माणसाला विचारलं. माझ्या गाडीला असलं काही कुणी बसवलेलं नाही, तरी मी मागल्या सालच्या पोळ्यापासून तसाच जात-येत होतो. मला लिहिता येत नाही. मी सांगतो, अक्षता लिहून घेते. तिला म्हटलंय, बाई, मी जिथं थांबेन तिथं तूही थांब. तुझ्या मनाचं पुढं काही घालू नको.

२

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, तो खांदा लोणी-हळद लावून पळसाच्या पानानं मळायचा. मळून झालं की बैलाच्या कानाशी वाकायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." उद्या म्हणजे पोळा. त्या दिवशी पुरणपोळी आधी बैलाला, मंग घरधन्याला. आवतण द्यायचं आणि ताट वाढायचं नाही, असं आमच्याकडं कुणी करत नाही.

मागल्या साली गोठा रिकामा होता. शेवटचा बैल चांद्या म्हातारपणानं गेला आणि त्याच्या गव्हाणीपुढं मी गाडी लावायला लागलो. त्या संध्याकाळी द्वारका दारात खाटेवर बसलेली. म्हणाली, "खांदेमळणी हाये आज."

"हाये खरी. खांदा कुठून आणू?"

"ती उभी हाये की." तिनं गाडीकडं हनुवटी केली. "सालभर आपलं वझं कोन ओढतं?"

"येडी का काय तू? लोखंडाला लोणी लावू?"

"लावा. तेवढंच तुमच्या मनगटाला लागंल. कसं सुजलंय ते मला दिसत न्हाई व्हय?"

हसत हसत लावलं. हँडल मळलं, उजवी मूठ जरा जास्त मळली, कारण दुखणं तिथलंच. मंग सवयीनं मुठीशी वाकलो, आणि नाव घ्यायच्या जागी अडलो. गाडीला नाव नव्हतं. चांद्याचं ओठावर आलं. पण जो गेला त्याला जेवायला कसं बोलवायचं? मंग नावाची जागा मोकळीच ठेवली आणि म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

गव्हाणीच्या अंगाला कुणीतरी नाकातून श्वास सोडला. दमून आलेला बैल सोडतो, तसा लांब.

मी वळून पाहिलं. गव्हाणीत जुना कडबा होता, बाकी काही नाही. टायरची हवा गेली असेल म्हणून दोन्ही चाकं दाबून पाहिली. कडक होती.

"कुत्रं असंल," मी म्हणालो.

"कुत्रं न्हाई ते," द्वारका म्हणाली, आणि पदर सावरून बसली.

दुसरा दिवस शुक्रवार. पोळा असला तरी मशीनला सुट्टी नसते. दिवस मावळता परत आलो. ती आल्या आल्या निजली, मी सकाळची भाकरी खाल्ली. पुरण शिजलं नाही, ताट वाढलं नाही. आणि मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. घरात बैलच नव्हते, तर आठवण कशाची व्हायची?

३

पुढच्या मंगळवारी वडीगोद्री सोडली आणि मनगटात कळ आली. मी अशा वेळी एका लिंबाखाली थांबतो, हात झटकतो, द्वारका म्हणते, "गाडी दमली का गाडीवाला?" आणि मंग निघतो. पण त्या दिवशी तिचा श्वास मला पाठीवर ऐकू येत होता. घरघर होती. थांबावंसं वाटेना. चालत्या गाडीवरच उजवा हात मुठीवरून उचलला, एक झटका देण्यापुरता.

हात सोडला की रेस पडते, गाडी मागं ओढल्यासारखी होते. तसं काही झालं नाही. इंजिनाचा आवाज होता तसाच राहिला. माझा हात हवेत, आणि गाडी आपल्या चालीनं चाललेली.

पहिल्यांदा वाटलं, वायर अटकली. अशानं माणसं मरतात. पायाचा ब्रेक दाबला, तर रेस आपसूक खाली आली. ब्रेक सोडला, तर पुन्हा वर, तेवढीच. वायर अटकली असती तर ब्रेक दाबल्यावर इंजिन ओरडलं असतं. ते ओरडलं नाही. माझं ऐकून चालत होतं. पुढं चढ आला तेव्हा रेस थोडी वाढली. अंबडच्या अलीकडं एका ठिकाणी उगीच कमी झाली. मी मनात म्हटलं, आता बिघडली. तेवढ्यात सावलीत लपलेला गतिरोधक चाकाखाली आला.

मला तो दिसला नव्हता.

येताना कचरूच्या गॅरेजला थांबलो. कचरू शहागडच्या रस्त्यावर बसतो, त्याच्या हातून आमची गाडी पहिल्यापासून. त्यानं वायर काढली, पाहिली, पुन्हा घातली.

"आबा, वायर चांगली, स्प्रिंग चांगली. हे पाहा, सोडली की पडती." त्यानं मूठ पिळली, सोडली. रेस टपकन पडली.

"माझ्या हातातून पडत न्हाई."

"मंग तुमच्यावर जीव बसला तिचा. काकू, सांभाळा बरं, सवत आली घरात."

द्वारका एरवी त्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी ती नुसती मुठीकडं पाहत होती.

पुढं दिवाळीला सूरजराव आले तेव्हा मी त्यांना आडून विचारलं. त्यांनी तेव्हाच मला क्रूज कंट्रोल हा शब्द शिकवला. म्हणाले, "काही जण म्हणतेत आपल्याकडं त्याचा उपयोग न्हाई. मधीच शेळ्या, मधीच खड्डा, मधीच उसाची ट्रॉली. पण मोकळ्या रस्त्याला मनगट वाचतं, खांदा वाचतो. माणूस ताजा पोचतो. अन् ब्रेक दाबला की सुटतं."

"माझंबी सुटतं."

"तुमच्या गाडीला ते नसतं वो आबा. सवयीनं तुमचाच हात असंल मुठीवर. म्हाताऱ्या माणसाला कळत न्हाई कधी कधी, हात कुठं हाये ते."

"असंल," मी म्हणालो. "बरं, त्याला पुढचा खड्डा दिसतो का?"

"न्हाई. त्याला डोळे कुठले? डोळे आपलेच."

मी मान हलवली. माझ्यावाल्याला डोळे होते, हे काही त्यांना सांगितलं नाही.

४

मी हुशार माणूस नाही. जे समजत नाही ते मी बाजूला ठेवतो आणि आपलं काम करतो. आणि काम होत होतं. वाटेत थांबणं बंद झालं. मनगटाची सूज उतरली. वेळेवर पोचायला लागलो, मशीन पुरं लागायला लागलं, द्वारकाच्या तोंडावर रंग आला. येताना ती माझ्या पाठीवर गाल टेकून झोपायची आणि मी उजवा हात मुठीवरून काढून, माझ्या पोटाशी आलेल्या तिच्या हातांवर ठेवायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाढवळ्या रस्त्यानं असा हात धरून आम्ही कधी चाललो नव्हतो. कुणी दिलं हे? ज्यानं दिलं त्याचे उपकार. रोज गाडी लावली की मी मुठीला हात लावून म्हणायचो, "पोचलो बाबा."

मूठ कोमट असायची. पोचून वेळ झाला तरी कोमट असायची.

हिवाळ्यात एका सकाळी धुई पडली. हाताचं बोट दिसेना. मी गाडी हळू घ्यावी म्हणून विचार करतोय, तेवढ्यात ती आपणहून रस्त्याच्या खाली उतरली. हँडल वळलं. माझा डावा हात त्याच्यामागं ओढला गेला, जसा कासरा धरणारा बैलामागं ओढला जातो. बाभळीची फांदी खांद्याला लागली आणि शेजारून एक काळी भिंत गेली. उसाची ट्रॉली. मोडून रस्त्यातच उभी, मागं दिवा नाही, दगड नाही.

गाडी पुन्हा डांबरावर आली. आणि माझ्या मनात तेव्हा एकदम उजेड पडला. मला वाटलं, हा चांद्याच. दुसरं कोण आपलं एवढं करणार? डोळ्यात पाणी आलं. मी मुठीवर थाप मारली आणि म्हणालो, "शाब्बास, चांद्या!"

इंजिन बंद पडलं.

आचका नाही, खोकला नाही. दिवा विझवावा तसं. गाडी थोडी घरंगळली आणि धुईत उभी राहिली. सगळीकडं पांढरं. मागून ट्रक येत असतील, नसतील. कानाला काहीच येत नव्हतं. फक्त एक बारीक आवाज होता. मुठीचं रबर करकरत होतं. कुणी रागानं मूठ आवळत जावी तसं, हळूहळू.

द्वारकानं माझ्या पोटावरचे हात घट्ट केले. कानाशी येऊन म्हणाली, "दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तुमी. चुकलं म्हणा."

"चुकलं," मी म्हणालो. "तुमचं नाव मला ठाव न्हाई. जे कुणी हायेत, त्यांचे उपकार हायेत."

रबर गप्प झालं. मी किक मारली. पहिल्या किकला सुरू.

त्या दिवसापासून मला दोन गोष्टी कळल्या. एक, तो चांद्या नव्हता. दुसरी, द्वारकाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

५

संक्रांतीनंतर कचरूनं तेल बदलताना मुठीवर बोट फिरवलं. "आबा, ही ग्रिप उलटी कुणी बसवली?"

"कुणी न्हाई."

"मंग हे काय? माणूस धरतो तेव्हा बोटं पलीकडच्या अंगाला येतेत, तळहात आपल्या अंगाला. ही बोटं तर तुमच्या अंगाला उमटलीत." त्यानं दाखवलं. रबरात चार खाचा पडल्या होत्या, बसणाऱ्याच्या बाजूला. अंगठ्याचा खड्डा पुढं, दिव्याच्या बाजूला. "रबर फिरलं असंल," तो म्हणाला आणि त्यानं ग्रिप काढून फिरवून बसवली.

मी खाचांवर माझी बोटं ठेवून पाहिली. बसेनात. एकेका खाचेमधी फार अंतर होतं.

फाल्गुनात पाहिलं तर खाचा पुन्हा माझ्या अंगाला पडलेल्या. जुन्या पुढच्या बाजूला गेल्या होत्या त्या वेगळ्या, आणि या नव्या.

मी गोठ्यात गाडीपुढं जाऊन उभा राहिलो. गाडीकडं तोंड केलं आणि हात पुढं करून मूठ धरली. तेव्हा बोटं बराबर त्या अंगाला गेली. म्हणजे जो धरत होता तो गाडीवर बसलेला नव्हता. तो पुढं होता. वेसण धरून बैल ओढावा तसा तो आम्हाला ओढत होता, उलट्या पावली चालत, तोंड आमच्याकडं करून.

मला तर कधी काही दिसलं नव्हतं. समोर रस्ताच दिसायचा.

त्या शुक्रवारी निघताना मी द्वारकाला उपरणं बांधलं. तिनं रोजच्यासारखा पदर डोळ्यावरून ओढून घेतला आणि माझ्या पाठीवर कपाळ टेकवलं. पोळ्यापासून ती असंच बसते. मला वाटायचं, वाऱ्यानं डोळे चुरचुरत असतील.

"द्वारका, तू पुढं का पाहत न्हाईस?"

तिनं उपरण्याची गाठ चाचपली. मंग म्हणाली, "एकदा पाह्यलं. तुमच्या खांद्यावरून. आता तुमी गाडी चालवा."

मी पुढं विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही, हेच खरं.

६

आमच्या काळी जालन्याच्या बाजारात कापूस टाकून परतताना गाडीवान बैलगाडीतच झोपून जायचा. बैल त्याला दारात आणून सोडायचे. आपण म्हणतो, बैलानं माणसाला घरी आणलं. तसं नसतं. बैल आपल्या गव्हाणीकडं जातो. गव्हाण आपल्या दारात असते, म्हणून आपण घरी पोचतो.

हे मला वैशाखात कळलं. दुपारी मशीन आटोपून निघालो होतो. द्वारका पाठीवर झोपलेली. ऊन रणरणत होतं. माझे दोन्ही हात तिच्या हातांवर. आता डावाही मी काढायला लागलो होतो. डोळे मिटले. जरा वेळ, असं मनात म्हटलं.

आवाज बदलला म्हणून जाग आली. ट्रकचे भोंगे नव्हते. चाकाखाली डांबर नव्हतं, मऊ फुफाटा होता. जालना ते गोदावरी यामधलं एकेक झाड मला ओळखतं. ही झाडं माझ्या ओळखीची नव्हती. परतताना ऊन उजव्या गालावर असतं. ते समोरून डोळ्यात येत होतं. दोन्हीकडं मोकळी रानं, त्यात ना पीक, ना ढोर, ना माणूस. आणि गाडी बैलाच्या चालीनं चाललेली, घर जवळ आल्यावर बैल जरा उतावीळ होतो तशी.

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबायची जागाही तीच होती असं मला वाटलं.

समोर एक बसकं मातीचं घर. अंगण सारवलेलं, शेण अजून ओलं. कुत्रं भुंकलं नाही. ओसरीवर शेजारी शेजारी दोन पाट मांडलेले, भोवती रांगोळी, पुढं दोन ताटं. पुरणपोळीची वाफ निघत होती, जायफळाचा वास माझ्यापर्यंत येत होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. खरं सांगतो, तोंडाला पाणी सुटलं.

ताटांशेजारी पाण्याचे पेले होते. एक काठोकाठ भरलेला. दुसरा अर्धा.

मी मुठीला हात लावला. पोळ्यापासून पहिल्यांदाच ती गार होती. धरणारा सोडून गेला होता. यजमान पाहुण्याच्या आधी घरात शिरतो, वाढायचं काही राहिलं का ते पाहायला, तसा.

आत अंधार होता. दाराच्या चौकटीवर आतून कुणीतरी हात ठेवला. बोटंच दिसली. चार. एकेकामधी फार अंतर.

नाकातून श्वास सोडल्याचा आवाज आला.

मला पळावंसं वाटायला हवं होतं. पण इतके महिने ज्यानं ओढलं, ट्रॉलीखालून काढलं, त्याला पाठ दाखवून कसं पळायचं? मी बसल्या जागी हात जोडले. "लई उपकार हायेत तुमचे. आवतण आमीच दिलं अन् ताट आमीच वाढलं न्हाई, तरी तुमी राबलात. पण आमचं काम अजून राह्यलंय. मंगळवारी मशीन हाये हिचं."

बोटं तशीच होती. मी पायानं रेटत गाडी फिरवली आणि माझ्या हातानं रेस दिली. मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे आले. मागं पाहिलं नाही. कसा कुणास ठाऊक, दिवस कलायच्या सुमाराला वडीगोद्रीच्या चौकात होतो.

द्वारका पाठीवरूनच म्हणाली, "पुरणाचा वास येऊन राह्यला तुमच्या कपड्याला."

७

त्यानंतर मूठ गारच राहिली.

त्यानं रागानं काही केलं नाही. फक्त हात काढून घेतला. मला पुन्हा लिंबाखाली थांबावं लागायला लागलं, मंग अंबडच्या अलीकडं, मंग पलीकडं. उशिरा पोचलो की मशीन अर्धंच मिळायचं. पावसाळ्यात एका मंगळवारी मनगट इतकं सुजलं की अंबडहून परत फिरलो. वार चुकला. पाणी तिच्या छातीत चढलं. ती भिंतीला टेकून बसली आणि मी तिच्या पाठीला हात लावून बसलो. शुक्रवारी सूरजरावांनी रजा काढून मोटार आणली, देव त्यांचं भलं करो. पण ते रोज कुठून येणार? जालन्यात त्यांच्या दोन खोल्या, त्यात पोरंबाळं. म्हणाले, "इकडंच या." द्वारका म्हणाली, "दार बंद करून जायचं म्हंजी कायमचंच." तिनं ते साधंच म्हटलं.

यंदाही पोळा शुक्रवारीच आला. आदल्या संध्याकाळी ती खाटेवर बसून डाळ निवडत होती.

"द्यायचं का आवतण?" मी विचारलं.

"नाव कळलं का?"

"न्हाई."

"मंग तसंच द्या. या खेपंला ताट वाढू, मी पुरण घालते."

"अन् त्यानं पुन्हा तिकडं नेलं तर?"

तिनं डाळीतला खडा काढून अंगणात टाकला. "अर्धा पेला मीबी पाह्यला व्हता."

"तू झोपली व्हतीस."

"पदराआडून समदं दिसतं. झोपलं कोन व्हतं?" मंग माझ्याकडं पाहून हसली. "अहो, आपल्या घरच्यांना इतक्यांदा सांगावं लागतं, अर्धा, अर्धा. त्यानं न सांगता ध्यानात ठिवलं. कुणाच्या तरी दारी कवातरी जायचंच हाये. तवर वार तर चुकत न्हाई."

मी लोणी-हळद घेतली, पळसाचं पान घेतलं. मूठ मळली. खाचांमधे लोणी गेलं. वाकून, नावाची जागा मोकळी ठेवून म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." कान देऊन उभा राहिलो. गव्हाणीतून काही आवाज आला नाही. पण हात काढताना कळलं, मूठ कोमट झाली होती.

सकाळी लवकर द्वारकानं पोळ्या केल्या. दम लागत होता तरी केल्या. मी ताट वाढून गाडीपुढं ठेवलं, हात जोडले आणि अंघोळीला गेलो. न्हाणीत सदरा काढला तर तो पाठीमागं मानेखाली चिकटला होता. जिथं बैलाच्या खांद्यावर जू बसतं, तिथं. सदऱ्याला हात लावला, तर बोटाला पिवळं आलं. लोणी होतं, हळद होती, पळसाच्या पानाची एक हिरवी शीर चिकटली होती.

काल माझाच हात लागला असेल, असं मनाला सांगितलं. मंग हात मागं नेऊन पाहिला. माझ्या मनगटानं तो तिथवर पोचत नाही. कित्येक वर्षं पोचत नाही.

ओला तसाच बाहेर आलो. द्वारका दारात उभी होती. तिनं वळून पदर जरा खाली केला. तिच्या मानेखालीही पिवळं होतं, नीट, दोन्ही खांद्यांवर सारखं, मायेनं मळलेलं.

मी पंच्यानं पुसायला गेलो. ती म्हणाली, "पुसू नका. आवतण हाये ते."

गोठ्यातलं ताट स्वच्छ झालं होतं.

आम्ही निघालो. उपरणं बांधलं, तिनं पदर डोळ्यांवर ओढला. वडीगोद्रीच्या पुढं मी उजवा हात उचलला, आणि रेस पडली नाही. मनगट दुखलं नाही. मशीन वेळेवर लागलं, पुरं लागलं. येताना पाय ब्रेकवरून हलवला नाही आणि डोळे मिटले नाहीत. घरी आलो, आमच्याच घरी. मुठीला हात लावून म्हणालो, "पोचलो बाबा."

आवतणात उद्या म्हणतात. बैलाचा उद्या म्हणजे पोळा, ते ठरलेलं असतं. आमचा उद्या कोणता, ते त्यानं सांगितलेलं नाही. म्हणून जो दिवस मिळतो त्याचे आभार मानतो.

तर सूरजराव, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घ्या ते. कामाचं आहे. लांबच्या रस्त्याला मनगट वाचतं, आणि हात मोकळा असला की मागं बसलेल्या माणसाचा हात धरता येतो, ही काही लहान गोष्ट नाही. फक्त पाय ब्रेकवर असू द्या. झोपू नका. आणि पोचल्यावर मुठीला हात लावून उपकार माना, मूठ गार असली तरी.

अक्षता लिहिता लिहिता थांबली आहे. विचारते, "आबा, मानेला पिवळं काय लागलंय तुमच्या? आजीच्याबी लागलंय."

तिला म्हटलं, बाई, आता इथं थांब.